सत्तेचाळिसावा डबा

बटण दाबलं की कॉम्प्युटरच्या छोट्या डब्याच्या पुढच्या बाजूचा दिवा आधी पिवळा होतो. मोहरीच्या दाण्याएवढा दिवा, मुद्दाम पाहिला तरच दिसणारा. सगळं ठीक असेल तर अकरा सेकंदांनी तो हिरवा होतो. तेजश्रीने हे घड्याळ लावून मोजलं होतं, तेही तीन वेगवेगळ्या डब्यांवर, कारण एकदाच मोजलेल्या गोष्टीवर तिचा विश्वास नसे.

या अकरा सेकंदांत डबा दोन प्रश्न विचारतो. पहिला, माझा पत्ता काय. दुसरा, मला सांभाळणारं कोण. पहिल्याचं उत्तर जवळचा राउटर देतो. दुसऱ्याचं उत्तर आजवर तेजश्री देत आली होती, स्वतः जाऊन, कीबोर्ड मांडीवर घेऊन. नाशिकमधल्या इंदिरानगरचं नेत्र रुग्णालय आणि त्याची तालुक्यांतली चार तपासणी केंद्रं मिळून असे सेहेचाळीस डबे होते. डब्यात स्वतःचं असं काहीच साठवलेलं नसतं. रुग्णांच्या नोंदी, चष्म्याचे नंबर, सगळं इंदिरानगरच्या सर्व्हरवर. डबा म्हणजे तिथे उघडणारी खिडकी. सर्व्हर बदलला की सेहेचाळीस ठिकाणी नवा पत्ता टाइप करायचा. विंचूरच्या केंद्रात तर टेबलाखाली शिरून, कारण तिथे कुणीतरी डबा टेबलाच्या पोटाला स्क्रूने बसवला होता.

शनिवारी तिने हे प्रकरण एकदाचं संपवलं. राउटरने पहिल्या उत्तराबरोबरच दुसरंही देऊन टाकावं, अशी सोय केली. मुख्य ठिकाणी एक ओळ लिहिली आणि ती सगळ्या राउटरांवर आपोआप पोचली. आता डबा चालू झाला की स्वतःच सर्व्हरला गाठणार, सर्व्हर त्याला यादीत घेणार आणि पुढे दोन बटणं दाखवणार: स्वीकारा, नाकारा.

सोमवारी साडेनऊपर्यंत यादीत सत्तेचाळीस डबे आले होते.

तेजश्रीने यादी पुन्हा मोजली. मग रजिस्टर मोजलं. सेहेचाळीस डबे तिने स्वीकारले. उरलेल्या एकाचा पत्ता सहाव्या गटातला होता, आणि सहावा गट म्हणजे नांदगाव.

नांदगावचं केंद्र दोन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. निदान तिची तशी समजूत होती, आणि रजिस्टर लिहिणाऱ्या शुभांगीचीही. तिथले डॉक्टर पुण्याला गेले, त्यांच्या जागी कुणी गेलं नाही, आणि शुभांगीने नांदगावचं पान कोरं सोडायला सुरुवात केली. त्यानंतर सर्व्हर बदलला तेव्हा तेजश्रीही तिकडे फिरकली नव्हती.

डबा मात्र सोमवारी नऊ वाजून दोन मिनिटांनी चालू झाला होता आणि दीडला बंद. मंगळवारी नऊ वाजून तीन मिनिटांनी पुन्हा चालू. चोर इतका वक्तशीर नसतो. तेजश्रीने केंद्राच्या जुन्या नंबरवर फोन लावला. दुसऱ्याच रिंगला तो उचलला गेला.

"नमस्कार, नेत्र केंद्र, नांदगाव. चंद्रभागा बोलते."

"मी इंदिरानगरहून तेजश्री बोलतेय. कॉम्प्युटरचं बघते. बाई, केंद्र तर बंद आहे ना?"

"कोन म्हनलं? मी आतूनच बोलते की."

चंद्रभागाबाई केंद्राच्या मदतनीस. त्यांनी जे सांगितलं ते तेजश्रीने कागदावर उतरवून घेतलं. डॉक्टर गेले त्या दिवशी सचिवसाहेबांचा फोन आला होता: काय ते ठरेपर्यंत केंद्र उघडं ठेवा.

"मंग ठरलं का तुमचं?"

"अजून नाही."

"मंग उघडंच हाय."

"पण डबा कशाला लावता रोज?"

"लावल्याबिगर उघडल्यावानी वाटत नाय. झाडायचं, उदबत्ती लावायची, अन् ते बटन दाबायचं. दोन वर्सं पिवळाच दिवा. काल पाहते तं हिरवा. म्हनलं, चला, ठरलं एकदाचं नाशिकला."

तेजश्रीचं पेन थांबलं. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? वहीतल्या समद्यांना निरोप धाडले. डोळे दाखवायला येत्यात त्यांची नावं लिहून ठेवते मी, डॉक्टर आले का कळवीन म्हनून. एक्केचाळीस नावं हायेत. गुरवारी या म्हनलं. गुरवार डॉक्टरचा वार, पयल्यापासून." मग त्यांनीच विचारलं, "पडद्यावर इंग्रजीत काय तरी आलंय. काय म्हनतंय ते?"

"मंजुरीची वाट पाहतोय, असं आहे ते."

"मंग बराबर हाय. आमच्यातलंच हाय."

"मी विचारून सांगते," तेजश्री म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ आपल्या शनिवारच्या त्या एका ओळीकडे पाहत बसली. ओळीत चूक नव्हती.

'स्वीकारा' दाबणं तिच्या हातात होतं. पण त्यामुळे गुरुवारी तिथे डॉक्टर पोचला नसता. 'नाकारा' दाबलं असतं तर दिवा पुन्हा पिवळा झाला असता, आणि चंद्रभागाबाईंना एक्केचाळीस घरी दुसरा निरोप धाडावा लागला असता. तिने दोन्ही बटणं तशीच ठेवली आणि बैठकांच्या इतिवृत्ताची फाईल मागवली.

आठ तिमाही बैठका. आठही इतिवृत्तांत सातवा विषय नांदगाव, आणि ठराव एकच: पुढील बैठकीत निर्णय घेण्यात यावा. शेवटच्या पाच बैठकांत तर नांदगावचं नावही निघालं नव्हतं. शुभांगी मागचं इतिवृत्त उघडून त्यात तारखा बदलायची, त्यामुळे ठराव आपला आपण होत राहिला. आणि निर्णय नसल्यामुळे तिथली इंटरनेटची लाइन कापता आली नाही, फोन परत करता आला नाही, चंद्रभागाबाईंचा पगार थांबवता आला नाही. केंद्र कुणी चालवत नव्हतं, पण त्याचं काही बंदही पडलं नव्हतं.

बुधवारी सकाळी ती सचिवांच्या खोलीत गेली. उपेंद्र सर सभ्य गृहस्थ होते. गेल्या वीस वर्षांत त्यांनी कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चोवीस तारखेच्या बैठकीत घेऊ," ते म्हणाले.

"लोक उद्या येतायत, सर."

"कुठे?"

"नांदगावला."

"अहो, पण ते केंद्र बंद आहे."

"तसा ठराव नाही." तिने फाईल पुढे केली. त्यांनी आठही ठराव वाचले. पाचव्यानंतर चष्मा काढून पुसला आणि मग उरलेले तीन वाचले.

"ही बाई खरंच रोज येते?"

"सहाशे सोळा दिवस. त्यांची हजेरी त्या स्वतःच मांडतात. दोन दिवस नातवाच्या बारशाला गेल्या होत्या, त्याची रजाही टाकलीय."

"रजा मंजूर कोणी केली?"

"अर्ज तुमच्याकडे आहे, सर. डाव्या ट्रेमध्ये."

त्यांनी डाव्या ट्रेकडे पाहिलं नाही. तेजश्रीने लॅपटॉप त्यांच्यासमोर फिरवला. त्यांनी दोन्ही बटणं नीट न्याहाळली.

"तिसरं नसतं का यात? राखून ठेवा, असं काही?"

"नाही."

"कंपनीला विचारलंत?"

"विचारलं. असं कुणी मागत नाही म्हणाले."

"आणि डॉक्टर कोण जाणार? मूळ अडचण तीच आहे. नांदगावला जायला कुणी तयार होत नाही."

"डॉक्टर मृण्मयींची गुरुवारची सकाळ मोकळी असते. मी काल विचारलं. साडेसहाला निघते म्हणाल्या."

"मग दोन वर्षं काही बोलल्या नाहीत त्या?"

"मीही हेच विचारलं. त्या म्हणाल्या, मला कुणी विचारलंच नाही."

पंखा फिरत होता. उपेंद्र सरांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. नांदगाव केंद्राच्या उद्‌घाटनाचा फोटो त्यांच्या मागच्या भिंतीवर होता. त्यात ते चौदा वर्षांनी तरुण होते आणि रिबीन कापत होते. तेजश्री वाट पाहत उभी राहिली. तिला वाट पाहता येत असे.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला वाटून उपयोग नाही, सर. ठरावाखाली मंजूर करणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव आहे."

मग तिने त्यांच्या टेबलावरचा फोन उचलला, नंबर फिरवला, स्पीकर लावला आणि रिसीव्हर खाली ठेवला. हे करायचं तिने आधी ठरवलं नव्हतं.

"नमस्कार, नेत्र केंद्र, नांदगाव."

"चंद्रभागाबाई," उपेंद्र सर म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "मी उपेंद्र बोलतोय. रुग्णालयाचा सचिव."

"वळखलं ना सायब. तुमीच तं सांगितलं होतं उघडं ठेवा म्हनून." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बोला. खुर्च्या शाळेतून मागवल्यात मी. वीस देतो म्हनले. उद्याचं नक्की हाय ना?"

"बघू," असं म्हणायला त्यांचं तोंड उघडलेलं तेजश्रीने पाहिलं. ते मिटलंही.

"सायब? हायेत का?"

"आहे," उपेंद्र सर म्हणाले. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. "केंद्र चालू ठेवायचं, बाई. दर गुरुवारी डॉक्टर येतील. ठरलं."