हात थांबवू नका

"रविवारी तरी घरच्या बाईनं देवाच्या घरी असावं," मी म्हणाले.

सून बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही. "आज कामावर आम्ही दोघीच आहोत, आई. मी नाही गेले तर सगळे फोन तिच्या एकटीच्या गळ्यात पडतील."

"आणि इथं कोणाच्या गळ्यात पडतं?"

यावर ती गप्प बसली. ती गप्प बसते, हेच मला सोसत नाही. तोंडाला तोंड दिलं असतं तर मी केव्हाच जिंकले असते. स्वयंपाकघरातून आमचे हे तिचा गणवेशाचा शर्ट दोन बोटांत धरून घेऊन आले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. सुनेच्या शर्टाला इस्त्री करायची ती त्यांनीच, दुसऱ्या कोणी केली तर कॉलर बसत नाही म्हणे. शर्ट तिच्या हातात देऊन ते माझ्याकडे बघून हसले. "झालं का तुझं प्रवचन? अजून उपासनेला वेळ आहे."

सून अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये कामाला आहे. कोणी जिन्यावरून पडलं, कोणाच्या छातीत कळ आली, की लोक तिथं फोन लावतात. ती विचारपूस करते आणि गाडी पाठवते. मी आमच्या चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख, तेव्हा या नोकरीबद्दल मंडळात बोलणं व्हायचंच. "फोन उचलायची नोकरी," मी म्हणायचे. "फोन काय, घरीही वाजतो." बायका हसायच्या.

त्या दिवशी संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आमच्याकडे येणार होते, ते याच कामासाठी. आमची नात चिमी नुकतीच शाळेत जायला लागली होती आणि शाळेतून आली की आईला शोधत घरभर फिरायची. मुलगा दोन्हीकडून भरडला जात होता. शेवटी सूनच म्हणाली होती, "घरात शांती राहू दे. पाळकसाहेबांसमोर आई म्हणाल्या सोड, तर मी सोडते." मी 'सोड' म्हणणार होते. त्यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं. देवानं बाईला पहिलं घर दिलं, मग बाकीचं, असं मी मानत आले. त्या सकाळी उपासनेनंतर मंडळात मला याच विषयावर बोलायचं होतं.

म्हणून आम्ही दोघं लवकर निघालो. मुलगा चिमीला तयार करून मागून येणार होता. चर्चमागच्या हॉलमध्ये पाळकीणबाई आणि मंडळाच्या चारपाच जणी खुर्च्या लावत होत्या. मास्तरही लावायला लागले. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, बायका आहेत ना." ते म्हणाले, "का, बायकांनीच लावायच्या असं कुठं आहे?" एक खुर्ची त्यांनी नीट ओळीत ठेवली, पाठीवर हात टेकला आणि तसेच खाली कोसळले.

बायका किंचाळल्या. मी त्यांना हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. ओठ निळे पडले होते. पाळकीणबाईंनी नंबर लावून फोन माझ्या कानाला लावला.

"अँब्युलन्स सेवा. पत्ता सांगा."

आवाज सुनेचा होता. "अगं, मी. आई बोलतेय. हे पडलेत गं, बोलत नाहीत."

"पत्ता सांगा," ती म्हणाली.

तिचा आवाज जराही हलला नाही. तो क्षण मी नंतर कितीदा आठवून पाहिला, कुठं श्वास अडकला होता का, कुठं घसा दाटला होता का. काही नव्हतं. मला संताप आला. स्वतःच्या सासऱ्याचा जीव चाललाय आणि ही बाई मला पत्ता विचारतेय. "तुझंच घर ना ते!" मी ओरडले आणि रागारागात घराचा पत्ता, मजला, खोलीचा नंबर सगळं घडाघडा सांगून टाकलं.

"तुमच्यासमोर काय दिसतंय ते सांगा."

"काय दिसतंय म्हणजे? खुर्च्या, टेबल, क्रूस…"

"म्हणजे तुम्ही घरी नाही. चर्चच्या हॉलमध्ये आहात. बरोबर?"

मी आजूबाजूला पाहिलं. खरंच की. घाबरल्यावर माणसाच्या तोंडी घराचाच पत्ता येतो. तिनं तो तसाच लिहून घेतला असता तर गाडी आमच्या घरासमोर जाऊन उभी राहिली असती.

"गाडी निघाली आहे," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर टाका. त्यांचा श्वास चालू आहे का, छाती हलतेय का, बघा."

"नाही हलत."

"पाठीवर सरळ झोपवा. बाजूला गुडघे टेकून बसा. छातीच्या मधोमध तळहात ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपर ताठ. आता जोरात, खोल दाबा. मी मोजते, तुम्ही माझ्याबरोबर मोजा."

मी दाबायला लागले. ती मोजत होती. तो आवाज हॉलभर पसरला. बायका भोवती गुडघे टेकून रडत प्रार्थना करत होत्या, आणि माझेही हात आपसूक जुळायला निघाले. "मला प्रार्थना करू दे गं," मी म्हणाले.

"करा. पण हात थांबवू नका."

मी चाळीस वर्षं प्रार्थनेवर बोलत आले आहे. इतकं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं. दाबता दाबता मी प्रभूचं नाव घेत राहिले. मध्येच माझ्या हाताखाली काहीतरी कडकन वाजलं आणि मी हात मागे घेतला.

"बरगडी असेल. होतं तसं. पुन्हा हात ठेवा. दाबा."

माझ्या नवऱ्याची बरगडी माझ्या हातानं मोडली होती, आणि तरी मी पुन्हा दाबायला लागले, कारण त्या आवाजावर विश्वास न ठेवणं मला शक्यच नव्हतं. मग तो आवाज बाकीच्यांकडे वळला. "तिथं आणखी किती जणी आहात? एक जण फाटकावर जाऊन उभी राहा, गाडीला हात दाखवा. एक जण दोन्ही दारं उघडी धरा. त्यांच्या शेजारी दुसरी कोणी गुडघ्यावर बसा. त्या दमल्या की लगेच तुम्ही सुरू करा, मध्ये खंड नको." माझ्या मंडळाला मी कितीदा वेळेवर या म्हणून सांगते, एक ऐकत नाही. त्या दिवशी एकेक जण पटापट आपापल्या जागी गेली. पाळकीणबाई रेशमी साडी सावरत माझ्याशेजारी बसल्या, आणि मी दमले तसे त्यांनी आपले हात ठेवले.

गाडी आली. माणसांनी मास्तरांना ताब्यात घेतलं, यंत्र लावलं. त्यातला एक जण फोनकडे वाकून म्हणाला, "पोहोचलो. नाडी लागतेय." फोन बंद झाला. हॉल एकदम रिकामा वाटला.

देवानं आम्हाला चार दिवस दिले. संध्याकाळी सून गणवेशातच दवाखान्यात आली. तिनं मास्तरांची चादर सारखी केली, माझ्या हातांकडे बघितलं आणि नर्सकडून मलम मागून आणून माझ्या मनगटांना चोळायला लागली. मला खूप बोलायचं होतं. मी "चिमीनं दूध प्यायलं का?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते शुद्धीवर आले. बोलताना धाप लागत होती, तरी त्यांना सगळं ऐकायचं होतं. मी सांगितलं. ते डोळे मिटून हसले. "म्हणजे एकदाचं तू तिचं ऐकलंस." मुलाशी त्यांचं बोलणं झालं, चिमीनं त्यांना शाळेतलं गाणं म्हणून दाखवलं, माझ्याशी जरासं भांडूनही झालं. पाचव्या दिवशी पहाटे झोपेतच ते गेले.

दफन झालं त्या संध्याकाळी सुनेचे साहेब भेटायला आले. टक्कल पडलेले, हळू बोलणारे गृहस्थ. मी त्यांना विचारलं, "घरचाच फोन आला तर काय करायचं, असा काही नियम नाही का तुमच्यात?"

"आहे ना. दुसरीकडे द्यायचा. पण दुसरी तेव्हा एका बाळंतिणीच्या फोनवर होती, बाळ बाहेर येत होतं. मग हिनंच घेतला." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि एकदा फोन घेतला की समोरचा अनोळखी समजायचा. आवाज ओळखीचा म्हणून पत्ता गृहीत धरला, तर माणूस हातचा जातो."

"मग? आमचा फोन संपल्यावर?"

"लाइन बंद झाल्यावर ती एकदा 'आई' म्हणाली. तेवढंच. मी मागेच उभा होतो. तेवढ्यात पुढचा फोन वाजला, शिडीवरून कोणी पडलं होतं. तिनं उचलला आणि पत्ता विचारला. बदली बाई येईपर्यंत खुर्ची सोडली नाही."

मला त्या रात्री झोप लागली नाही. मी त्या बाईला रोज सकाळी बघत होते. भाजी निवडताना, चिमीची वेणी घालताना, माझे टोमणे ऐकताना. आणि माझ्या घरात केवढं बळ वावरत होतं याचा मला पत्ता नव्हता. मला तिची भीतीच वाटली खरं तर, आदरानं वाटते तशी.

पुढच्या आठवड्यात सांत्वनाच्या प्रार्थनेसाठी घर माणसांनी भरलेलं होतं. अख्खं महिला मंडळ, पाळकसाहेब, पाळकीणबाई. गीत म्हणून झालं आणि आतल्या खोलीतून सून बाहेर आली. अंगात गणवेश. शर्टाची इस्त्री तिनंच केली होती, कॉलर एका बाजूनं उभी राहिली होती. कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं, "आठवडा नाही झाला, लगेच कामाला?" पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तो एक विषय आपला राहिला होता," ते हळूच म्हणाले.

सून दाराशी थांबली होती. ठरल्याप्रमाणे ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "आई, साहेब विचारत होते, पुढं काय ते. काय सांगू त्यांना?"

मी उठले. आमच्यात कोणाला दूरच्या सेवेला पाठवायचं असलं, की सगळ्या मंडळीसमोर त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. धर्मप्रसाराला सुवार्तिक निघाले, डॉक्टर निघाले, की आम्ही हात ठेवतो. ड्युटीवर निघालेल्या बाईच्या डोक्यावर हात ठेवलेले मी कधी पाहिले नव्हते. मी दाराशी गेले आणि माझे दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले.

मनगटं अजून ठणकत होती. आणि मी, जिला बोलताना थांबवावं लागतं, मला शब्द सापडेना. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पाळकीणबाई येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग आणखी कोणी आलं. कोण, ते मी डोळे उघडून पाहिलं नाही.

"उशीर होतोय, आई," माझ्या हातांखालून ती म्हणाली. तिचा आवाज आता हलला होता.

"हलू नकोस. माझं अजून संपलं नाही."

संपल्यावर मी हात काढले. तिचे नीट विंचरलेले केस मी पार विस्कटून टाकले होते. ते सारखे न करताच ती जिना उतरून कामाला गेली.