भावाने न बनवलेलं यान

माझा धाकटा भाऊ फरशा विकणाऱ्या कंपनीत आहे आणि फुशारकी मारण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, दातांच्या लॅबमध्ये कृत्रिम दात रंगवते. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

गेल्या वर्षी भावजयीने अंतराळयानाच्या मॉडेलचं खोकं आणलं. आत नुसते करड्या प्लॅस्टिकचे सुटे भाग. कामावरून आली की ती एकेक भाग कापून काढायची, कडा घासायची, जोडायची. रंग दिल्यावर मला वाटलं, झालं. पण खरं काम तिथून सुरू झालं. पत्र्यांच्या जोडांतल्या रेघांत तिने पातळ काळा रंग सोडला, स्पंजच्या तुकड्याने कडांवर पोपडे उडाल्यासारखे ठिपके दिले, इंजिनांच्या तोंडाशी तापलेल्या लोखंडासारखी निळी-जांभळी झाक आणली. मी विचारलं, चांगलं नवं कोरं यान मळवतेस कशाला? ती म्हणाली, पांढराशुभ्र दात लगेच खोटा वाटतो, याचंही तसंच.

भाऊ येता-जाता टोमणे मारायचा. एवढी वाढली तरी खेळणी सुटत नाहीत म्हणायचा. पाहुण्यांसमोर तर त्याला जास्तच चेव यायचा.

मग एकदा त्याचे साहेब जेवायला आले. शेल्फापाशी थबकले, वाकून वाकून बघू लागले. अगदी हेच खोकं त्यांच्याकडे कित्येक वर्षं पडून होतं, उघडायचा धीर होत नव्हता. त्यांनी विचारलं, हे केलं कोणी?

"मीच," भाऊ म्हणाला. "वेळ मिळेल तसं."

भावजय पाण्याचे ग्लास घेऊन दारातच उभी होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने नजरेनेच मला गप्प केलं, ग्लास ठेवले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं खोकं घरी हजर. असंच बनवून द्या, असा निरोप. आता भावाला बायको आठवली. गोड बोलून झालं, रागावून झालं, शेवटी बढतीचा प्रश्न आहे म्हणून गयावया केली.

"तूच बनवतोस ना?" ती म्हणाली. "मग बनव."

बसला बापडा. भाग कापायचे सोडून पिरगळून तोडले. गोंद इतका ओतला की प्लॅस्टिक विरघळलं. एक पंख उलटा बसला, चालकाच्या काचेवर अंगठ्याचा ठसा उमटला, आणि रंग भिंतीला फासतात तसा फासला. गाडीखाली सापडलेला डबासुद्धा त्याहून बरा दिसतो.

मग या शूराने काय केलं? बायको कामावर गेल्यावर तिचं यान उचललं आणि साहेबांना नेऊन दिलं. संध्याकाळी रिकामं शेल्फ बघून तिने विचारलं, तर म्हणे, दुसरं बनव, तुला काय कठीण आहे! ती माझ्याकडे वर आली. रडली नाही, सकाळी माझ्याबरोबर चल, एवढंच म्हणाली.

सकाळी ती मला घेऊन थेट त्याच्या ऑफिसात गेली. यान साहेबांच्या टेबलावर होतं आणि भाऊ शेजारी उभा राहून कौतुक झेलत होता.

"हे माझं आहे," ती साहेबांना म्हणाली. "मी बनवलंय. घरी नेते."

भावाने हसण्यावारी नेलं, ती जरा चिडली आहे म्हणाला. साहेबांनी शांतपणे त्याला विचारलं, इंजिनांवरचा हा निळा रंग कसा आणलात?

"तो तसाच येतो खोक्यात," भाऊ म्हणाला.

साहेबांनी यान उचलून तिच्या हातात दिलं. माफीचा शब्द मात्र त्यांच्याही तोंडून निघाला नाही. उलट म्हणाले, माझं खोकं तेवढं परत पाठवा.

"ते यांनी बनवलंय," भावजय म्हणाली. "आजच पाठवते."

आणि खरंच पाठवलं.

बढती दुसऱ्याला मिळाली. बायकोने घालवली, असं भाऊ सगळीकडे सांगत फिरतो. भावजयीने आणखी मोठं खोकं आणलंय आणि जेवणाचं अख्खं टेबल अडवलंय. तो सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवतो, रंगाच्या वासाने डोकं दुखतं म्हणतो. दुखू दे.