निरोगी माणसाचा नमुना

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जुनी सवय आहे. जुलाबाची साथ तपासताना रुग्णांच्या नमुन्यांबरोबर एका निरोगी माणसाचा नमुनाही लावायचा, म्हणजे ताडून पाहता येतं. दरवेळी निरोगी माणूस कुठून धरून आणणार? म्हणून जो तपासतो तोच आपला नमुना देतो. गेली अकरा वर्षं तो निरोगी माणूस मी आहे.

रामनवमीला जयेंद्रगंजात आमच्या मराठी मंडळाचा महाप्रसाद झाला आणि दुसऱ्या दिवसापासून एकतीस जण आडवे झाले. दोन मुलांना तर सलाइन लावावं लागलं. आजारी पडलेल्या सगळ्यांनी काकडीची कोशिंबीर खाल्ली होती. स्वयंपाक दाना ओलीतल्या सुलोचनाबाईंचा. वीस वर्षं मंडळाचं जेवण त्याच करतात, त्यावर त्यांचं घर चालतं. सभेत त्या म्हणाल्या की काकडी दुसऱ्याच एका बाईंनी बारीक चोचवली, पण त्यांचं नाव ठाऊक नाही. कुणी ऐकून घेतलं नाही. त्यांना यापुढे काम द्यायचं नाही असं ठरलं. मी मागच्या खुर्चीवर गप्प बसले होते. त्या दुसऱ्या बाई म्हणजे मीच.

त्या दिवशी मी नेहमीसारखी खांबाला टेकून उभी होते. नऊ वर्षं मंडळात जाते आणि नऊ वर्षं त्याच खांबाला टेकते. सुलोचनाबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, मोकळ्या असाल तर एवढी काकडी चोचवायला घ्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी धावतच गेले. पोरांना वर्षभर हात धुवायला शिकवणारी मी, त्या दिवशी हात धुतल्याचं मला काही केल्या आठवत नाही.

मंडळाचे सचिव दिनकरराव यांनी नमुने माझ्याकडेच पाठवले. आठ रुग्णांचे, एक सुलोचनाबाईंचा. नववा लावून झाल्यावर मी सवयीने दहावा, माझा, लावला. दोन दिवसांनी पाहिलं तर आठही रुग्णांत साल्मोनेला नावाचा जंतू होता, सुलोचनाबाईंतही होता आणि माझ्यातही. मला ना ताप, ना पोटदुखी. निरोगी माणूस असाही असतो, हे मीच वर्गात शिकवते.

पण साल्मोनेला म्हटला म्हणून सगळा एकच नसतो. उन्हाळ्यात तो गावभर असतो. कोणाचा कोणाकडून आला हे कळायला प्लाझमिड पाहावे लागतात. जंतूच्या पोटात डीएनएचे छोटे सुटे गोल असतात, त्यांना प्लाझमिड म्हणतात. कुठल्या जंतूत ते किती आणि केवढे, हे वेगवेगळं असतं. आता मोठ्या ठिकाणी याहून पुढच्या तपासण्या होतात, आमच्याकडे हीच जुनी रीत आहे. खरवसाच्या वडीसारखं जेल, त्यात प्रत्येकाची एक वाट, आणि वीज सोडली की प्लाझमिड आपापल्या आकाराप्रमाणे मागेपुढे थांबतात. दिव्याखाली त्यांच्या रेघा दिसतात.

रुग्णांच्या आठही वाटांवर तीन रेघा होत्या, सारख्या अंतरावर. सुलोचनाबाईंच्या वाटेवर एकच, तीही भलतीकडे. माझ्या वाटेवर तीन, रुग्णांच्या होत्या तिथेच. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तीनच आल्या.

संध्याकाळी फोटो घेऊन दिनकररावांच्या घरी गेले. त्यांना सगळं समजावून सांगितलं, काकडीचंही सांगितलं. माणूस भला आहे. थोडा वेळ फोटोकडे बघत राहिले आणि मलाच धीर द्यायला लागले.

"यात तुमची काय गलती, मॅडम? तुम्ही पण पंगतीत जेवलात, तुम्हाला पण तिथूनच लागलं असेल. काकडीचं राहू द्या."

एवढं मान्य केलं असतं तरी मी सुटत होते. हो म्हणायचं, चहा प्यायचा, दर्पण कॉलनीत घरी जायचं. कोणी खोटं पाडू शकलं नसतं, कारण मी जेवले की नाही हे कोणी पाहिलंच नव्हतं. आणि जेवण त्यांचंच म्हणून सुलोचनाबाईंच्या माथी ते तसंच राहिलं असतं.

"मी जेवले नाही," मी म्हणाले.

"असं कसं? सगळेच तर होतो तिथे."

"तीन पंगती उठल्या. बसा असं मला कोणी म्हणालं नाही. मी घरी जाऊन खिचडी केली."

त्यांच्या पत्नी उषाताई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जंतूंचं सांगताना इतकी लाज वाटली नव्हती.

दिनकरराव उठले, कपाटातून सभेच्या इतिवृत्ताची वही काढली, पान शोधलं आणि सुलोचनाबाईंच्या नावावर काट मारली. त्यांचं काम त्यांना परत देतो म्हणाले. मला खरंच हायसं वाटलं.

मग पेन तसंच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर जरा चोरून.

"मॅडम, तुमचं नाव काय लिहू?"

मी सांगितलं. शामला. त्यांनी ते काट मारलेल्या नावाच्या वर, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहून घेतलं.