मिठाच्या बर्फात गोठलेली साक्ष

मी तांबं हुडकणारा रंग बोलतोय. माझं डोकं फिरलेलं आहे, तेव्हा गोडगोड ऐकायची अपेक्षा ठेवू नका.

२००७ साली पुण्याच्या एका प्रयोगशाळेत समीक्षाने मला घडवलं. नुसता असताना मी अगदीच कुचकामी होतो. पाण्यात टाकलं की गोळा व्हायचो, पेशीच्या दारातच अडायचो. मग तिने मला पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत भरलं. ते पांघरूण अंगावर आल्यावर पेशी मला निमूट आत घेऊ लागली. आत तांबं भेटलं की मी हिरवा उजळायचो आणि सूक्ष्मदर्शकातून ते दिसायचं.

समीक्षा मला घेऊन मालवणजवळच्या आपल्या गावी आली, कारण खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मरत होत्या. तिसऱ्या वेचून विकणाऱ्या बायकांचा संशय काठावरच्या होड्या रंगवण्याच्या कारखान्यावर होता. होडीच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून तिथे तांब्याचा रंग लावायचे आणि जुना खरवडून खाडीत ढकलायचे. कारखाना समीक्षाच्या सख्ख्या भावाचा, सत्यवानचा.

"आमच्याच पोटार पाय देवक तुका शिकवलंव काय गो?" त्याने भर जेवणात विचारलं. समीक्षा ताटावरून उठली आणि मला घेऊन नर्मदाकाकीकडे राहायला गेली. तो माणूस माझ्या मनातून तेव्हाच उतरला.

काकी स्वतः तिसऱ्या विकणारी. समीक्षाने तिला बजावलं की माझी बाटली थंडच राहिली पाहिजे. गोठता कामा नये, हे सांगायचं मात्र राहून गेलं. दुसऱ्या दिवशी समीक्षा खाडीवर गेली आणि इकडे भारनियमनात फ्रिज बंद पडला. काकीने मला उचलून मासळीच्या पेटीत घातलं, फोडलेल्या बर्फात, वर मूठभर मीठ. सुरमई टिकवायची ती रीत. मी दगडासारखा गोठलो. वितळलो तेव्हा माझे कण एकमेकांना चिकटून बसले होते. वीज आल्यावर काकीने मला गुपचूप फ्रिजमध्ये परत ठेवलं.

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकापाशी पंचायतीची माणसं जमली, सत्यवानही आला. मी तिसऱ्यांच्या पेशींच्या बाहेर गोळा होऊन पडलो होतो आणि आत सगळा काळोख. समीक्षा सांगत राहिली की कण चिकटलेत, रंग गोठून बिघडलाय, यावरून काहीच ठरवता येत नाही. सत्यवान हसला. "काळोख सगळ्यांनी बघितलो," तो म्हणाला. खाडी स्वच्छ ठरवून मंडळी चहाला गेली. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

संध्याकाळी काकीने समीक्षापुढे तिसऱ्यांचं ताट ठेवलं. तिला वाटलं, पोरीची काळजी मिटली.

"काकी, खाव नको. बाटली गोठलेली होती. तिचा काय एक खरा नाय."

काकीने ताट मागे ओढलं. "मीया मुद्दाम मीठ घातलंय," ती म्हणाली, "जास्त थंड रवाचा म्हणान."

मग ती तशीच शेजारी धावली. खाडी चांगली निघाली या आनंदात तिने दुपारी आळीत घरोघरी तिसऱ्यांच्या वाट्या पाठवल्या होत्या. वाट्या विसळून पालथ्या घातलेल्या होत्या.

मी आता खिडकीतल्या बाटलीत तळाला बसलोय. मला ओतून टाका, नवा रंग घडवा, आणि तोवर माझ्या काळोखाच्या भरवशावर कुणाच्या पोराला जेवू घालू नका.