पेवाची जागा

कोंडीबानं टाचेनं एक ढेकूळ फोडलं आणि बोट दाखवलं.

"हितं खणा, साहेब."

सर्कलसाहेबांनी बाभळीच्या सावलीतूनच मान हलवली. जागा मालकानं दाखवायची, म्हणजे मागाहून कुणी तक्रारीचा कागद घेऊन कचेरीत यायला नको, हा त्यांचा शिरस्ता. टेंभुर्णीकडचा रस्ता रुंद होणार होता. खडी-मुरमाची जुनी खाण कोंडीबाच्या बांधाला येऊन भिडली होती आणि तिला आणखी चार एकर हवे होते. नियम सोपा होता. तीन फुटांच्या आत मुरूम लागला तर जमीन खाणीला. नाही लागला तर ती पिकाऊ, तिला हात लावायचा नाही.

कोंडीबाचे सगळे मिळून चारच एकर. त्याच्या रानात कुठंही पहार घाला, दीड फुटाच्या आत खण्णकन वाजायची. फक्त या एका जागी पुरुषभर माती होती, कारण पूर्वी वस्तीवरचं घर इथं होतं आणि घरापुढं हे पेव होतं. मुरमात खोल खणलेलं. आतून कडबा लावायचा आणि वर्षाची ज्वारी भरून तोंड लिंपायचं. दोघा भावांची वाटणी झाली, वस्ती मोडली आणि ही बाजू कोंडीबाला आली. तळ्यातला गाळ गाड्यांनी आणून त्यानं पेव बुजवलं. आज सकाळी न्याहारी वाढता वाढता त्याची बायको बजाबाई हळूच म्हणाली होती, "पेवाची जागा दावा की." बायकोच्या डोक्याचं त्याला कौतुक वाटलं होतं. भाकरी मात्र त्यानं अर्धीच खाल्ली होती.

खाणीवरचा रुद्रप्पा वडार कुदळ घेऊन खाली बसला. त्याच्या हाताखाली माती भराभर निघत होती. एक फूट, दोन फूट. कोंडीबा श्वास मोजत उभा होता. तिसरा फूट ओलांडला तरी काळीभोर मातीच.

तेवढ्यात कुदळीबरोबर कुजक्या कडब्याची एक लड वर आली. रुद्रप्पानं ती बोटांत चुरली, नाकाशी नेली आणि मान वर करून कोंडीबाकडं पाहिलं. उभा जन्म जमीन खणण्यात गेलेल्या माणसाला पेव ओळखायला कितीसा वेळ लागणार?



"ज्वारी चांगली ऱ्हात असंल की वो हितं," रुद्रप्पा अगदी खालच्या आवाजात म्हणाला. मग त्यानं ती लड पायाखाली दाबली आणि साहेबांना हाक दिली, "माती हाय, साहेब. मातीच हाय."

साहेबांनी टेप सोडला, वहीत आकडा लिहिला आणि रुमालानं मान पुसली. उन्हानं ते कावले होते.

"हा नंबर सुटला. मग बांधापलीकडचा घेऊ. तो कुणाचा?"

कोंडीबानं बांधाकडं हात केला. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि त्यानं ते झटकून टाकलं होतं.

बांधावर वच्छला उभी होती. त्याच्या धाकट्या भावाची, महिपतीची बायको. महिपती जाऊन तीन वर्षं झाली होती. मागं दोन मुली आणि ते चार एकर. डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची घरात रीत नव्हती आणि सतरा वर्षांत वच्छलानं ती एकदाही मोडली नव्हती. काही सांगायचं झालंच तर ते बजाबाईकडून यायचं.

पण पेव तिच्याइतकं कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. नवी नवरी असताना अंगानं बारीक म्हणून तिलाच आत उतरवायचे. आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा. तो विझला नाही म्हणजे आत हवा चांगली; मग दोर धरून वच्छला. वरून दोर धरायला महिपती आणि कोंडीबा. खड्डा कुठं खणला जातोय हे ती मघापासून बांधावरून बघत होती.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमच्या रानात मुरूमच दिसतोय. तुम्ही हो म्हणालात तर दुसरा खड्डा घ्यायला नको. काय म्हणणं आहे?"

वच्छलानं पदर आणखी पुढं ओढला. रुद्रप्पा खड्ड्यातच थांबला होता. ती बोलणार, सगळं सांगून टाकणार, अशी कोंडीबाला भीती वाटली. सांगावं तिनं, असंही त्याला त्याच क्षणी वाटलं.

"मी काय सांगू?" ती साहेबांना म्हणाली. "घरात थोरलं त्येच हायती. भावजी म्हणत्याल ते."

त्या बोलण्यात ना टोमणा होता ना विनवणी. दिराच्या शब्दावर ती आजवर चालत आली होती, तशीच आजही चालली होती. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"बोला, कोंडीबा. लिहू?"

कोंडीबा खड्ड्यापाशी गेला. त्यानं रुद्रप्पाच्या हातातली कुदळ घेतली. खड्ड्यापासून सात-आठ पावलं चालला आणि आपल्याच रानात, जिथं नुसती धसकटं उभी होती तिथं, कुदळ घातली. एकदा, दोनदा, चारदा. भुसभुशीत थर संपला आणि कुदळ खण्णकन वाजली. पांढुरका मुरूम वर उडाला.

"माप घ्या, साहेब."

साहेब सावलीतून बाहेर आले. आधी या खड्ड्याकडं, मग त्या खड्ड्याकडं बघत राहिले.

"आणि मघाचा तो?"

"त्यो आमच्या सोयीचा हुता."

साहेबांच्या कपाळावर आठी चढली. ते वाकले आणि त्यांनी टेप सोडला.

"सव्वा फूट," ते म्हणाले आणि त्यांनी वहीतला आधीचा आकडा खोडला.

कोंडीबानं कुदळ रुद्रप्पाला परत दिली. बांधाकडं त्यानं बघितलं नाही. घराकडंही बघायचा त्याला धीर होईना. दारात बजाबाई उभी असणार होती.