गुडघ्याखालचा फोम

“आधी हातानं गुडघा बघायचा, मग सुरी उचलायची. नुसत्या मापावर जाऊ नकोस, ईल्का.”

देझोकाका आमचे प्रशिक्षक. त्यांनी हे सांगितलं त्या दिवशी मी निवड-शर्यत हरले होते. क्लबातल्याच बोरोकाकडून, होडीच्या टोकाएवढ्या अंतरानं. सोल्नोकच्या आमच्या क्लबातून एकच मुलगी पुढे जायची होती. ती गेली, आणि माझ्या हातात काकांनी त्यांची फोम कापायची सुरी ठेवली. आमची होडी एका गुडघ्यावर बसून वल्हवायची. गुडघ्याखालचा फोम जरासा चुकला तरी पाय बधिर होतो. “ती वल्हवते तोवर तिचा फोम तू कापायचास,” काका म्हणाले. मी गळ्यातला क्रूस धरून हो म्हटलं.

त्याला तेरा वर्षं झाली. बोरोका युरोपची विजेती झाली, मग जगाची, तीही दोनदा. माझ्या वडिलांनी आमच्या बेकरीत गल्ल्यामागे तिचे फोटो लावले. माझा एकही नाही. त्या प्रत्येक फोटोत तिच्या डाव्या गुडघ्याखाली माझा फोम आहे, पण तो दिसत नाही. गुडघ्यानं झाकलेला असतो. रोज सकाळी जपमाळेचे पहिले दहा मणी मी तिच्या नावानं ओढते. नेमच आहे. पण ते दहा मणी कधी मनापासून ओढले गेले नाहीत.

हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मार्चमध्ये निरोप आला, नवा फोम हवा, ही शेवटची निवड, मागे एकोणीस वर्षांची पोरगी लागली आहे. तिचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे. मी गेले नाही. जुन्या मापावर फोम कापला आणि पाठवून दिला. ते माप आता बसणार नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच गेले नाही.

निवड-शर्यती सेगेदला होत्या. शुक्रवारी दुपारी तिथून तिचा फोन आला.

“काय गं संतबाई, आज शुक्रवारचा उपास, नुसतं पाव-पाणी ना? मी इथं माशाचं कालवण हाणतेय. तुझ्या वाटचंही.”

“शर्यत कशी झाली?”

“कसली शर्यत! आजच्या फेरीत तिसरी आले, कशीबशी. तीनशे मीटरनंतर पायाचं लाकूड झालं. वर ती पोरगी धक्क्यावर येऊन विचारते, ‘दमलात का मावशी?’ मावशी! मला!”

मला हसू आलं. फार दिवसांनी इतकं गोड हसू आलं, आणि त्याचीच भीती वाटली.

“फोम टोचतोय का?”

“फोम तुझा आहे, तो कसा टोचेल? मीच म्हातारी झाले. उद्या अकराला अंतिम शर्यत. हरले की संपलं बघ सगळं. उद्या माळेत माझं नाव घे हं, विसरशील.”

फोन ठेवला. माळ हातात घेतली. पहिल्या मण्यावरच बोट अडलं.

मी उठले. सुरी फडक्यात गुंडाळली, फोमचा कोरा ठोकळा पिशवीत घातला.

“अगं, खसखशीचे रोल भट्टीत आहेत. कुठं निघालीस?” वडील म्हणाले.

“सेगेदला. तिच्या गुडघ्याला हात लावायचा राहिलाय, बाबा.”

ते फोटोंकडे बघत राहिले. त्सेग्लेदला गाडी बदलावी लागते, संध्याकाळपर्यंत पोचेन. सुरी काढायच्या आधी तिला काय कबूल करायचं, ते ठरलं होतं. मी दार हळूच ओढून घेतलं.