संग्रहालयात मोठ्यानं

दारावरच्या रखवालदारानं काहीतरी विचारलं आणि मिस्त्रींनी मान डोलावली. रखवालदारानं लगेच त्यांच्या हातातली पिशवी घेतली, कप्प्यात ठेवली आणि एक बिल्ला हातावर टेकवला. पिशवीत सिस्टरसाठी घेतलेली द्राक्षं होती. ती आता देता येणार नव्हती.

मिस्त्रींचं सगळं आयुष्य शहराच्या पंपघरात गेलं. सगळे पंप चालू असले की तिथं शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे. म्हणून तिथली रीतच पडली होती, की समोरच्याचे ओठ हलले की आधी मान डोलवायची आणि तो काय म्हणाला ते मागाहून हातवाऱ्यांनी समजून घ्यायचं. नोकरी संपली तेव्हा पंपघरानं मिस्त्रींना निरोप दिला आणि कान ठेवून घेतले. डावा पुरता गेला होता. उजव्याला मोठ्यानं बोललेलं तेवढं कळायचं. मान मात्र शाबूत होती.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. यंदा मोठ्या बहिणीनं, ताईनं, मनावर घेतलं आणि त्यांच्यासाठी स्थळ म्हणून सिस्टर शोधून काढल्या. सिस्टरही एकट्याच, नुकत्याच इस्पितळातून निवृत्त झालेल्या.

“कानाचं एवढ्यात बोलू नकोस,” ताईनं बजावलं होतं. “आधी माणूस पसंत पडू दे. कान काय, कुठं पळून जातायत?”

“पळून गेलेच आहेत की,” मिस्त्री म्हणाले होते.

पहिल्या भेटी ताईच्या घरी झाल्या. तिथं ताई प्रत्येक गोष्ट पुन्हा एकदा खणखणीत आवाजात सांगायची, त्यामुळे निभावलं. आज मात्र दोघंच होते. जागाही ताईनंच सुचवली होती. शहराच्या इतिहासाचं संग्रहालय. तिकीट नाही, बसायला बाकं आहेत आणि उतारवयातल्या दोन माणसांकडे कुणी वळून बघत नाही. ताईच्या लक्षात एवढंच आलं नाही, की संग्रहालयात सगळे कुजबुजतात. त्यात सिस्टरची सगळी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात झालेली. त्यांचा आवाज कायम शेजारी बाळ झोपलंय असाच.

संग्रहालय म्हणजे दोन हवेल्या होत्या. सख्ख्या भावांनी भिंतीला भिंत लावून बांधलेल्या, आता मधली भिंत फोडून दार केलेलं. पहिल्या दालनात काचेखाली जुन्या शहराची प्रतिकृती होती, काडेपेटीएवढी घरं आणि निळ्या रंगाची नदी. सिस्टरनी नदीकडे बोट दाखवलं आणि काही सांगितलं. मिस्त्रींनी मान डोलावली. स्वयंपाकघरातल्या काळवंडलेल्या चुलीपाशी सिस्टर हसल्या, तेव्हा हसत हसत डोलावली.

मिस्त्रींना सिस्टर आवडल्या होत्या. हे त्यांनी ताईला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही जरा उशिराच सांगितलं होतं. घरात पाऊल टाकल्यावर कुणीतरी “आलात?” म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते ऐकू येईल की नाही, हा पुढचा प्रश्न.

शेजघरात मोठ्या पलंगाभोवती दोर बांधलेला होता. समोरच्या बाकावर दोघं बसले. सिस्टर बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बोलत होत्या. मग त्यांनी मान वर करून मिस्त्रींकडे पाहिलं. काहीतरी महत्त्वाचं असावं, म्हणून मिस्त्रींनी चांगली ठासून मान डोलावली. वर एकदा पुन्हा.

सिस्टरचा चेहरा उतरला. त्या उठल्या, पर्स उचलली आणि पलीकडच्या हवेलीत निघून गेल्या.

मिस्त्री बुचकळ्यात पडून बसून राहिले. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली पहारेकरीण तरातरा आली आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहून कडाडली, “काय हो, असं कुणी तोंडावर सांगतं का?”

“काय सांगितलं मी?”

“त्या विचारत होत्या, तुम्ही हे सगळं फक्त बहिणीच्या आग्रहाखातर करताय का! आणि तुम्ही आपले हो हो. तेही दोनदा!”

 एवढी लाज मिस्त्रींना कधी वाटली नव्हती, आणि एवढी भीतीही. ते उठले आणि जमेल तेवढ्या झपाट्यानं मधल्या दारातून पलीकडे गेले.

सिस्टर जुन्या दिव्यांच्या दालनात एका कपाटासमोर उभ्या होत्या, पण बघत काहीच नव्हत्या. मिस्त्री त्यांच्याजवळ गेले आणि आपल्या मते अगदी हळू आवाजात म्हणाले, “सिस्टर, मला ऐकू येत नाही!”

सगळं दालन वळून बघायला लागलं. एका जोडप्यानं ओठांवर बोट ठेवलं.

“तुम्ही काय विचारलंत ते मी ऐकलंच नाही. आल्यापासून काही म्हणजे काही ऐकलं नाही, नुसती मान डोलवतोय. डावा कान पुरता गेलाय, उजव्याला मोठ्यानं बोललेलं तेवढं कळतं. ताई म्हणाली सांगू नकोस. पण मी सांगायला हवं होतं.”

 सिस्टरनी एकदा त्या जोडप्याकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. मग छाती भरून श्वास घेतला. आयुष्यात कधी चढवला नव्हता तो आवाज त्यांनी चढवला.

“मग पुन्हा विचारते! तुम्हाला स्वतःला करायचंय का लग्न? माझ्याशी?”

सवय नसल्यामुळे आवाज मध्येच चिरकला, पण दोन्ही हवेल्यांत पोचला. पहारेकरीण धावत आली आणि दारातच थबकली.

मिस्त्रींनी या वेळी मान अजिबात हलवली नाही.

“हो,” ते म्हणाले. “मला करायचंय. ताई नको म्हणाली असती, तरी करायचं होतं.”

“मग माझंही हो!” सिस्टर ओरडल्या आणि लालबुंद झाल्या.

“बाई, जरा हळू,” पहारेकरीण म्हणाली, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

“त्यांना ऐकू जायला नको का?” सिस्टरनी तिला त्याच आवाजात विचारलं. मग त्या वळसा घालून मिस्त्रींच्या उजव्या हाताला आल्या, चष्मा नीट केला आणि कपाटावरची पाटी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागल्या. मघाचं ते जोडपंही पुढं न जाता ऐकत उभं राहिलं.